स्वयंपाकघरातले प्रश्न: कोथिंबीर सडते, भात उरतो

कोथिंबिरीची जुडी आणली की धुऊन पिशवीत घालून फ्रिजमध्ये ठेवते. तिसऱ्या दिवशी निम्मी काळी आणि चिकट झालेली असते. काय चुकतं? – एक वाचक, नाशिक

धुणंच चुकतं. पानांवरचं पाणी पिशवीत कोंडतं आणि सड तिथूनच सुरू होते. जुडी घरी आली की आधी दोरा सोडा. बांधलेल्या जागी काड्या चेंगरलेल्या असतात, पहिला काळा डाग बहुतेक तिथेच दिसतो. खराब पानं निवडून टाका, मुळं कापा. भाजीवाल्याने पाणी मारलेलं असेल तर अर्धा तास पंख्याखाली कापडावर पसरा; कोमेजेपर्यंत मात्र नको. मग डब्यात तळाशी कोरडं सुती कापड, त्यावर कोथिंबीर सैलसर, वर पुन्हा कापड आणि घट्ट झाकण. दोन-तीन दिवसांनी कापड दमट लागलं की बदला. अशी कोथिंबीर आठवडाभर सहज टिकते. धुवायची ती लागेल तेवढीच, चिरायच्या आधी. कापडाऐवजी वर्तमानपत्र बरेच जण वापरतात, पण छपाईची शाई ओल्या पाल्याला लागते. आणि कोवळ्या काड्या फेकू नका, वाटणात त्या पानांइतक्याच कामाच्या.

रात्रीचा भात ओट्यावर झाकून ठेवतो आणि सकाळी फोडणीला टाकतो. सासूबाई म्हणतात, चांगला गरम केला की काही होत नाही. खरं का? – एक वाचक, पुणे

नाही. रात्रभर बाहेर राहिलेला भात टाकून द्यावा, जिवावर आलं तरी. तांदळात बॅसिलस सेरिअस नावाच्या जिवाणूचे बीजाणू असू शकतात आणि ते कुकरमधूनही तगू शकतात. भात तासन्‌तास कोमट राहिला की ते वाढतात. त्यांचं उलट्या करवणारं विष फोडणीच्या आचेला दाद देत नाही. भाताला वास येतोच असं नाही, त्यामुळे हुंगून ठरवण्यात अर्थ नसतो.

वाचवायचा असेल तर जेवण आटोपताच वाचवा. उरलेला भात परातीत बोटभर थरात पसरा, वाफ गेली की उथळ डब्यात भरून फ्रिजमध्ये ठेवा. शिजल्यापासून दोन तासांच्या आत, उन्हाळ्यात तासाभरात. खोल डब्यात दाबून भरलेला भात मधोमध बराच वेळ गरम राहतो, म्हणून उथळ डबा. दुसऱ्या दिवशी वाफा निघेपर्यंत परता आणि त्यातूनही उरला तर पुन्हा ठेवू नका. गार भाताची शितं मोकळी राहतात, त्यामुळे फोडणीच्या भाताला तो ताज्यापेक्षा चांगला.

रोजच उरत असेल तर मूळ दुखणं मापात आहे. एक वाटी तांदळाचा साधारण तीन वाट्या भात होतो. पोळी-भाजीनंतर माणशी वाटीभर भात धरला तर चौघांना सव्वा ते दीड वाटी तांदूळ पुरतात.

दोडक्याच्या शिरांची चटणी चिवट होते. – एक वाचक, कोल्हापूर

शिरा जून असतील किंवा कढईवर झाकण पडत असेल. झाकणाने त्या वाफवतात, भाजत नाहीत. आधी दोडक्याचा तुकडा चाखा. कडू लागला तर दोडकाही नको नि शिराही नकोत. वाटीभर शिरा बारीक कातरून दोन चमचे तेलात मंद आचेवर, झाकण न ठेवता, चुरचुरीत होईपर्यंत परता. दहा-बारा मिनिटं लागतात. मीठ आधी घातलं तर पाणी सुटतं, म्हणून ते शेवटी. मग भाजलेले तीळ आणि सुकं खोबरं दोन-दोन चमचे, लसणाच्या चार पाकळ्या आणि तिखट घालून खलबत्त्यात ओबडधोबड कुटा. मिक्सरमध्ये फिरवलीत तर लगदा होईल.

कांदे-बटाटे एकाच टोपलीत चालतात का? – एक वाचक, ठाणे

वेगळे ठेवा, दोन्ही हवेशीर आणि अंधाऱ्या जागी. बटाट्याच्या ओलाव्याने कांदा लवकर खराब होतो. बटाटे फ्रिजमध्येही नकोत: गारव्याने त्यातल्या स्टार्चची साखर होते आणि काचऱ्या परतताना आतून शिजायच्या आधीच काळपटतात.