ओव्हनमधले क्रीमी चीझ-बटाटे करताना साय का फाटते?

सांगलीत घरी करताना साय फाटते आणि बटाटे मधे कच्चे राहतात, असं तुम्ही विचारलंय. मुख्य कारण आच. फ्रान्सच्या दोफिने भागातला हा पदार्थ मंद आचेवरच शिजतो.

अर्ध्या किलो बटाट्यांचे ३ मिलिमीटर जाडीचे काप करा. काप अजिबात धुऊ नका. स्टार्च वाहून गेलं की दूध दाट होतच नाही. एक कप म्हशीचं दूध, अर्धा कप साय, ठेचलेला लसूण, मीठ, चिमूटभर जायफळ यांत काप मंद गॅसवर ७-८ मिनिटं शिजवा. मग तूप लावलेल्या भांड्यात ओतून १६० अंशांवर ४० मिनिटं. सुरी सहज आत गेली की वरून चीझ किसा, २०० अंशांवर १० मिनिटं.

साय ताजीच घ्या. तुपासाठी साठवलेली, विरजण लावलेली साय आंबट असते, ती फाटणारच. खटाव-पुसेगावकडचा नवा बटाटा आला असेल तर तो भाजीला ठेवा, इथे जुना पिठूळ बटाटा हवा. बाहेर काढल्यावर १५ मिनिटं हात लावू नका, तेवढ्यात ते छान आळून येतं.