पाणलोट समितीच्या बैठकीला लोक येत नाहीत, काय करावं?

तुम्ही विचारलंय की समिती झाली, पण बैठकीला तेच पाच-सहा जण येतात. बाकीच्यांना कसं सामील करायचं? मी गोव्यातल्या पेडणे तालुक्यातली. शापोरा नदीकाठच्या खाजनात वाढले, तिथलंच सांगते.

खाजन म्हणजे खाडीकाठी बांध घालून मिळवलेली शेती. बांधात मानस, म्हणजे लाकडी दारं. भरतीच्या दाबाने ती मिटतात, ओहोटीला आतलं पाणी त्यांना ढकलून बाहेर पडतं. पावसाळ्यात कोरगुट भात होतं आणि मानशीपाशी मासे मिळतात. ते मासे धरण्याच्या हक्काची पावणी, म्हणजे लिलाव, होते. तो पैसा बांधाच्या डागडुजीला. पूर्वी हे सगळं गावकारी, म्हणजे गावची जुनी सामाईक संस्था, सांभाळायची. कूळकायद्यानंतर, १९७५ च्या नियमांनी ते कुळांच्या संघटनेकडे आलं.

गाठ इथेच आहे. शेतकऱ्याला खारं पाणी बाहेर हवं, पावणी घेणाऱ्याला आत, कारण मासे त्याच्यासोबत येतात. आमच्याकडे निम्म्या लोकांनी शेती सोडली, बैठका ओस पडल्या आणि मानस कधी उघडायची ते मासेवालाच ठरवू लागला. एका वर्षी बांध खचला. आमच्या घरचं उभं भात खाऱ्या पाण्यात गेलं. आईने ते पेंढ्यालासुद्धा कापलं नाही.

त्यानंतरच्या बैठकीला मात्र उभं राहायला जागा नव्हती. त्या दिवशी माहिती ऐकायला कोणी बोलावलं नव्हतं, ठरवायला बोलावलं होतं. मासेवाल्यालाही समोर बसवलं. भात उभं असेतोवर भरतीचं पाणी आत घ्यायचं नाही, कापणीनंतर त्याची पाळी, असं ठरलं. तो स्वतः 'हो' म्हणाला होता, म्हणून ते टिकलं.

आता तुमच्या समितीकडे बघा. बंधारा कुठे घालायचा, बर्गे, म्हणजे बंधाऱ्याच्या दारातल्या फळ्या, कधी टाकायचे, वरच्या वाडीने पंप किती तास चालवायचा, यातलं खरोखर काही तिच्या हातात आहे का? सगळं कार्यालयातून ठरून आलं असेल आणि लोकांची फक्त सही हवी असेल, तर ते येणार नाहीत, आणि मी त्यांना दोष देणार नाही.

पुढची बैठक एप्रिलमध्ये ओढ्यातच घ्या, विहिरी तळाला गेलेल्या असताना. कोणती विहीर कुठल्या महिन्यात आटते ते पाणी भरणाऱ्या बायकांना आधी विचारा. वरच्या वाडीतला पंपवाला नसेल तर बैठक पुढे ढकला. आणि आजवरच्या कामाचा जमाखर्च बैठकीच्या आदल्या दिवशीच देवळाच्या फळ्यावर लावा.