सोलापूरजवळच्या शेतात दगडांचं गोल रिंगण आहे. ते जुनं थडगं असेल का? जेसीबीने काढलं तर चालेल का?

लगेच जेसीबी लावू नका. आपल्याकडे नांगरटीत निघालेले दगड बांधावर टाकायची पद्धत जुनीच, त्यामुळे निम्मे ढीग तसलेच असतात. आमच्या बांधावरच्या ढिगात तर बाटल्या आणि ठिबकचे पाइपही सापडतात! पण मोठ्या धोंड्यांचं नीट वर्तुळ असेल आणि आत मुरूम-दगडांचा किंचित उंचवटा असेल, तर जुन्या थडग्याची शंका घ्यायला जागा आहे. नागपूरजवळच्या जुनापाणीला अशी सुमारे 300 शिळावर्तुळं, म्हणजे थडग्यांभोवतीची दगडी रिंगणं आहेत, लोहयुगातली. विदर्भातल्या अशा वर्तुळांतून काळी-तांबडी मडकी, लोखंडी अवजारं आणि घोड्यांचे तांब्याचे दागिनेही निघालेत.

कायद्याचं म्हणाल तर 1958 च्या केंद्रीय कायद्यात प्राचीन स्मारकाच्या व्याख्येतच दफनाचा ढिगारा येतो. अट अशी की तो ऐतिहासिक किंवा पुरातत्त्वीय महत्त्वाचा आणि किमान 100 वर्षं जुना हवा. मात्र संरक्षण आपोआप मिळत नाही, अधिसूचना निघावी लागते. केंद्राच्या संरक्षित स्मारकाभोवती 100 मीटरपर्यंत बांधकामाला बंदी आणि त्यापुढच्या 200 मीटरमध्ये बांधायला परवानगी लागते, हे 2010 पासून कायद्यातच आहे.

तुमचं रिंगण संरक्षित स्मारकांच्या यादीत बहुधा नसणारच. तरी उकरू नका. मडकं जागचं हललं की त्याची अर्धी माहिती गेली. चारी बाजूंनी फोटो काढा, एकात माप म्हणून टिकाव ठेवा, गट नंबर लिहा आणि राज्य पुरातत्त्व विभागाला अर्ज द्या. तलाठ्यालाही सांगून ठेवा. आणि गावात ‘धन’ हा शब्द काढू नका, नाहीतर रात्रीत खड्डा पडेल.