ग्रीन कार्ड, मतदार नोंदणी आणि बोगस मतदानाच्या बातम्या: तुमचे प्रश्न

अमेरिकेत इमिग्रेशनची वकिली करते मी, आणि निवडणूक जवळ आली की तेच ते प्रश्न येतात, बहुतेक व्हॉट्सअॅपवर काहीतरी वाचून. म्हणून इथे एकदाच उत्तरं देते.

प्रश्न: एच-वन-बीवर (नोकरीच्या व्हिसावर) आहे. उमेदवाराला पन्नास डॉलर देणगी दिली तर चालेल?

नाही. ग्रीन कार्ड (कायम राहायचा परवाना) असेल तर चालतं.

प्रश्न: लाखो परदेशी लोक मतदान करतात असं फॉरवर्ड आलंय. खरं का?

नाही. जॉर्जियाने २०२२ मध्ये आपल्या नोंदी तपासल्या, २५ वर्षांत नागरिक नसलेल्या १,६३४ जणांनी नाव नोंदवायचा प्रयत्न केलेला सापडला आणि त्यातलं एकही नाव यादीत गेलेलं नव्हतं. खरा घोटाळा नॉर्थ कॅरोलिनात झाला, २०१८ ला. उमेदवारासाठी काम करणाऱ्या माणसाने घरोघरी फिरून टपाली मतपत्रिका बेकायदा गोळा केल्या. त्या उमेदवाराची आघाडी ९०५ मतांची, पण राज्याच्या बोर्डाने निकाल मंजूरच केला नाही, २०१९ ला परत निवडणूक घेतली.

प्रश्न: माझं ग्रीन कार्ड आहे. लायसन्स रिन्यू करताना मतदार नोंदणी करायची का विचारलं, मी हो म्हटलं. आता घरी वोटर कार्ड आलंय. मत दिलेलं नाही. मित्र म्हणतो काही होत नाही.

मित्राचं ऐकू नका. मत दिलं नाहीत ते बरं केलंत, आणि देऊही नका. १९९३ च्या कायद्याने लायसन्सच्या काउंटरवरच नोंदणीची सोय झाली. मागे रांग असते, स्क्रीनवर प्रश्न भराभर येतात, आपला माणूस 'सिटिझन' आणि 'रेसिडेंट' मध्ये गोंधळतो, टिक करतो आणि सही करतो. ती सही म्हणजे नागरिकत्वाचा खोटा दावा ठरू शकते, आणि १९९६ च्या कायद्यापासून त्याला जवळजवळ माफी नाही, डिपोर्टेशनपर्यंत जाऊ शकतं. नागरिकत्वाच्या एन-४०० फॉर्मवर 'कधी नोंदणी केली का' आणि 'कधी मत दिलं का' हे दोन्ही विचारतात.

माझ्याकडे एक काका आले होते, १९ वर्षं इथे, नागरिकत्वाची मुलाखत दोन दिवसांवर. फाइलमध्ये वोटर कार्ड नीट प्लास्टिकच्या कव्हरात घातलेलं, आणि मला विचारत होते, हे आयडी म्हणून नेऊ का? दोन दिवसांत मी काय करणार, मुलाखत पुढे ढकलायला लावली. दोन महिने आधी आले असते तर सगळे कागद हातात असते.

कार्ड फाडू नका, आपणहून फोन करून नाव रद्द करायलाही जाऊ नका. आधी इमिग्रेशन वकिलाला भेटा, सही केलेल्या फॉर्मची कॉपी मागवा, कारण नेमकं काय टिक झालंय ते बघितल्याशिवाय कुणीच काही सांगू शकत नाही. 'शंभर डॉलरमध्ये एन-४०० भरून देतो, तिथे नाही लिहा' म्हणणारे एजंट वकील नसतात, आणि ते खोटं तुमच्या सहीने जातं. ग्रोसरीच्या दारात मतदार नोंदणीसाठी क्लिपबोर्ड घेऊन उभे असतात त्यांनाही सरळ सांगा, मी नागरिक नाही.

प्रश्न: नागरिक होऊन सहा वर्षं झाली, कधी मत दिलं नाही. मंगळवारी ऑफिस, आणि आमच्या एका मताने काय होणार?

बोगस मतांची काळजी करणाऱ्यांनी हा आकडा बघावा: २०१४ च्या मध्यावधीत (राष्ट्राध्यक्षाच्या चार वर्षांच्या मध्यावर ठरलेली असते ती निवडणूक) मत द्यायला पात्र असलेल्या शंभरातले जेमतेम ३७ जण गेले. विक्रमी म्हणतात त्या २०२० लासुद्धा तिघांमागे एक घरी बसला. मंगळवार १८४५ च्या कायद्याने ठरलाय, पण बहुतेक राज्यांत लवकर मतदान आहे, टपाल आहे. नोंदणीची मुदत मात्र चुकवू नका, न्यू जर्सीत २१ दिवस आधी, टेक्ससमध्ये ३०. घर बदललं असेल तर पत्ता आजच बदला. तुमच्या प्रॉपर्टी टॅक्सचा मोठा वाटा शाळांना जातो, आणि तिथल्या स्कूल बोर्डाची जागा कधीकधी मूठभर मतांनी ठरते. काही अडलं तर काउंटीच्या निवडणूक ऑफिसला विचारा, ग्रुपवर नको.

प्रश्न: मी ओसीआय (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळणारं कार्ड), पण गावच्या यादीत नाव आहे अजून. विधानसभेला मत देऊ का?

नाही. अमेरिकेचं नागरिकत्व घेतलंत तेव्हाच भारताचं संपलं, ओसीआयवर मताचा हक्क नाही. मतदार यादीतून नाव काढायचा फॉर्म ७ भरून नाव काढा. आधीच देऊन बसला असाल तर फॉर्म भरण्याआधी भारतातल्या वकिलाशी बोला.