म्हशीचं वासरू? मग पाडी कोण?

बोरिवलीच्या एका ताईंनी विचारलंय: तिसरीतल्या लेकीने गृहपाठात 'म्हशीचे वासरू' लिहिलं, बाईंनी त्यावर लाल रेघ मारली. घरी सावंतवाडीच्या आजी म्हणतात, वासरू कसलं, आमच्याकडे पाडी. मग बरोबर काय?

बाईंचं बरोबर. वासरू गायीचं, म्हशीचं पारडू किंवा रेडकू. पण आजीही चुकलेल्या नाहीत. कोकणात गायीचं वासरू मादी असेल तर पाडी, नर असेल तर पाडा, मालवणीत पाडो. पाडस मात्र आता बहुतेकांनी हरणालाच देऊन टाकलंय.

मला यात गंमत वाटते ती लिंगाची. वासरू, पारडू, करडू, कोकरू, शिंगरू, सगळी 'ते'. अंगावर पितंय तोवर नर की मादी याची फारशी चौकशी नाही. दूध सुटून अंगाने भरलं, की 'ते'ची 'ती' कालवड होते, नाहीतर 'तो' गोऱ्हा. कालवड व्याली की गाय. गोऱ्ह्याचा खोंड होतो, पुढे खच्ची केला तर बैल, पैदाशीला राखला तर वळू. म्हशीकडे कालवडीच्या जागी वगार. म्हणजे नावं वयाची कमी, कामाची जास्त.

वासरू आलं संस्कृत 'वत्सरूप'वरून, आणि वात्सल्यही त्याच वत्साचं. ते उगाच नाही. व्यालेली गाय वासराला चाटून कोरडं करते, तेव्हाच त्याचा वास तिच्या डोक्यात बसतो. रोगाशी झुंजायचं बळ चिकातून, म्हणजे व्याल्यावरच्या पहिल्या दुधातून मिळतं, म्हणून तो पहिल्या काही तासांतच पोटात जायला हवा. (आपण त्याचा खरवस करतो, ते सोडा.) मोकळ्या रानात गाय पिल्लाला गवतात दडवून चरायला जाते आणि पाजायला परत येते.

गोठ्यात हे सगळं दाव्याच्या लांबीएवढं. मुंबईतल्या आरे दूध वसाहतीतल्या एका तबेल्यात पाहिलं होतं. गवळ्याने पारडू सोडलं. त्याने कासेला दोन ढुशा दिल्या, चार घोट घेतले, सडं टरारली, तोच त्याला ओढून म्हशीच्या तोंडापाशी बांधलं. ती त्याला चाटत राहिली आणि इकडे बादलीत धार वाजू लागली. पिल्लू समोर नसेल तर कित्येक जनावरं दूध वर ओढून धरतात. 'पान्हा चोरणे' म्हणतात ते हेच.

तेव्हा ताई, वहीत पारडूच लिहायला सांगा. १९४९ साली आरे वसवलं तेच मुळी शहरातल्या म्हशींसाठी, त्यामुळे बोरिवलीच्या पोरीला वासरापेक्षा पारडूच आधी दिसायचं.