जमेच्या बाजूला कोण?

समलिंगी, उभयलिंगी आणि पारलिंगी व्यक्तींच्या समान हक्कांसाठी काम करणाऱ्या संस्थेत जावेसे वाटते, पण तिथे पाऊल ठेवले की गावभर होईल, ही भीती लातूरच्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत मी अनेकांच्या तोंडून ऐकली आहे. उदगीरचा विद्यार्थी असो की नांदेडची परिचारिका, शब्दसुद्धा फारसे बदलत नाहीत. त्यांपैकी एकाची हकीकत, ओळख पटेल असे तपशील बदलून, येथे सांगते. त्याला आपण सुधीर म्हणू.

सुधीर सत्ताविशीतला, अडत दुकानात मुनीम. पहिल्या भेटीत त्याने फोन टेबलावर पालथा ठेवला आणि तासभर त्यावरचा हात काढला नाही. छत्रपती संभाजीनगरात एका संस्थेची दरमहा बैठक होते, हे त्याला ठाऊक होते. दीड वर्ष तो दर महिन्याला जायचे ठरवत होता आणि आदल्या रात्री बेत मोडत होता.

"मॅडम, लातूर दिसायला मोठं आहे, पण मार्केट यार्डात शिंकलं की गंजगोलाईत कळतं."

कायद्याची शंका लवकर मिटली. प्रौढांचे परस्परसंमतीचे खासगी संबंध तेव्हाच्या भारतीय दंड संहितेच्या कलम ३७७ खाली गुन्हा ठरत नाहीत, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी दिला. जागतिक आरोग्य संघटनेने तर १९९० सालीच समलैंगिकता आजारांच्या यादीतून वगळली होती. (तरीही "औषधाने बरा होईल का?" असे विचारणारे पालक आजही येतात, आणि होकार देणारे डॉक्टरही त्यांना भेटलेले असतात.) मात्र न्यायालयाचा निकाल घरातल्या जेवणाच्या पंगतीपर्यंत पोहोचत नाही. सुधीरची नोकरी वडिलांच्या ओळखीतली होती, तेव्हा त्याची भीती निराधार आहे असे मी म्हटले नाही. विवेकनिष्ठ विचारपद्धतीची मी जुनी विद्यार्थिनी आहे. भीती घालवण्याआधी ती मोजावी, हा माझा आग्रह असतो.

चौथ्या भेटीत मी त्याला कोरा कागद दिला. "तुम्ही सारखं 'लोक' म्हणता. लोक म्हणजे कोण? नावं लिहा."

त्याने खातेवहीच्या सवयीने कागदाच्या मधोमध रेघ ओढली आणि एका बाजूला 'नावे', दुसऱ्या बाजूला 'जमा' असे लिहिले. नावे बाजूला वडील, मालक, मामा, शेजारचे काका अशी नऊ नावे झाली. गावभर पसरलेले 'लोक' नऊ जणांत आटोपले, याचे त्यालाही नवल वाटले. मग पेन थांबले.

"मॅडम, जमेला कोणीच नाही."

मी बोलले नाही. अशा वेळी धीराचे चार शब्द ओठांवर येतात, ते गिळणे मला वीस वर्षांच्या कामाने शिकवले आहे आणि त्याचा थोडा अभिमानही आहे. बऱ्याच वेळाने मी विचारले, "कोणी नाही, की अजून कोणाला विचारलंच नाही?"

"विचारलं नाही."

"आणि त्या बैठकीला येणारे?"

त्याने जमेच्या रकान्यात लिहिले: पंधरा-वीस जण, नावे माहीत नाहीत.

त्या दिवशी माझाही एक हिशेब चुकलेला निघाला. आधी मन खंबीर करा, मग संस्थेत जा, असे मी कित्येक वर्षे सांगत आले होते. खंबीरपणा एकट्याने बंद खोलीत साठवता येतो, हे मी गृहीत धरले होते. वास्तविक तो चार माणसांत बसल्यावरच येतो. सुधीरसारख्यांना मी उंबऱ्यावर ताटकळत ठेवत होते.

म्हणून आता माझा सल्ला वेगळा आहे. संस्थेत जाणे आणि स्वतःविषयी जाहीर करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जाण्यापूर्वी फोन करून विचारावे: छायाचित्रे काढली जातात का, दुसरे नाव सांगितले तर चालेल का, हजेरीची वही कोणाच्या हाती असते? सरळ उत्तर न देणाऱ्या ठिकाणी जाऊ नये. घरच्यांवर अवलंबून असणाऱ्यांनी पोटापाण्याची सोय होईपर्यंत घरी सांगण्याची घाई करू नये. मोर्चात झेंडा धरणे हे एक काम झाले. पत्रके मराठीत आणणे, फोन घेणे, नव्या माणसाला बसस्थानकावरून आणणे हीही कामेच आहेत, आणि त्यांना माणसे कमी पडतात. फार एकटे वाटून जीव नकोसा झाला, तर बैठकीची वाट न पाहता टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतसेवेच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर बोलावे.

सुधीर गेला. पहिल्या बैठकीत तो दाराजवळच्या खुर्चीवर बसून राहिला. दुसऱ्या बैठकीत कोणीतरी पावत्यांनी भरलेली पिशवी काढली, तेव्हा त्याच्यातल्या मुनिमाला राहवले नाही. नोंदणीकृत विश्वस्त संस्थेला ३१ मार्चला हिशेब बंद करून लेखापरीक्षण करून घ्यावेच लागते, आणि इथे चहाची बिले व प्रवासखर्च एकाच गठ्ठ्यात होते. आता ती वही त्याच्याकडे आहे.

घरी त्याने अजून काही सांगितलेले नाही. एका संस्थेचे हिशेब लिहायला जातो, एवढेच आईला ठाऊक आहे, आणि ते खोटेही नाही. मागच्या महिन्यात निघताना तिने विचारले, "माणसं किती असतेत रे तिथं?" त्याने वीस सांगितले. तिने पहाटे उठून चाळीस धपाटे केले.