कातरणाची वाकळ : तुम्ही विचारलेलं

उरलेल्या कपड्याचं घरात काय करता असं मागच्या अंकात विचारलं होतं, तर निम्मी पत्रं वाकळीची, म्हणजे गोधडीचीच आली. जागेत बसतील तेवढी घेतलीत, कुणाचं राहिलं असेल तर रुसू नका.

प्रश्न : ताई, आमच्या सासूबाई ब्लाऊज शिवतात, घरात कातरणाची दोन पोती भरलीत, फेकूही देत नाहीत. सुती, टेरीकॉट, साटीन, अस्तर सगळं एकातच. मी वाकळ शिवायचं मनावर घेतलंय पण सुरू कुठून करावं तेच कळेना गेलंय, रंग जुळवत बसले की दुपार तशीच जाते. (अंबाजोगाई)

उत्तर : रंगाचं सगळ्यात शेवटी बघा. आधी पोतं अंगणात पालथं करा आणि कापडाची जात ओळखा. हाताला कळत नसेल तर चिंधीचं टोक चिमट्यात धरून स्टीलच्या ताटलीवर जाळा. सुती असेल तर कागद जळल्यासारखा वास येतो आणि बोटानं चुरली जाईल अशी राख राहते, पॉलिस्टर असेल तर ते आकसतं, वितळतं आणि गार झालं की टोकाला कडक मणी होतो. थोडी राख थोडा मणी असं झालं तर ते मिक्स आहे, टेरीकॉटचं असंच होतं. साटीन, जॉर्जेट आणि असलं मणीवालं सगळं बाजूला काढा, पायपुसणी करा, उशीत भरा, पण वाकळीत नको. एक तर घाम शोषत नाही, उन्हाळ्यात माळवदावर टाकून झोपलं की अंगाला चिकटतं, आणि दुसरं म्हणजे ते इतकं चिवट असतं की शेजारचं जुनं सुती कापड शिवणीपाशी त्याच्याआधी फाटतं, मग ठिगळाला ठिगळ लावत बसा. अस्तराचे तुकडे बहुतेक सुती निघतील, ते सोनं समजा. टू बाय टू, म्हणजे ब्लाऊजचं सुती कापड, ते पण चालतं, तेवढी जाळून खात्री करा कारण त्या नावाखाली आता काहीही विकायलेत.

मग धुणं. कातरण म्हणजे कोरं कापड, ते पाण्यात आटतं, आतली जुनी साडी आटून बसलेली असते, म्हणजे पहिल्याच धुण्यात वरचं आखडतं आणि आतलं फुगतं. म्हणून तुकडे गरम पाण्यातून काढून वाळवूनच घ्या. लाल, मरून, जांभळा यांच्यावर भरवसा ठेवू नका, ओला तुकडा पांढऱ्या फडक्यात पिळून गुंडाळून रात्रभर ठेवा, सकाळी फडकं सांगतंच.

आत काय घालायचं तर जुनं लुगडं, त्याच्याइतकं दुसरं काही नाही. हिशोब बघा, नऊ वाराच्या चार घड्या केल्या की सव्वादोन वार लांबी येते, म्हणजे ८१ इंच, पावणेसात फूट. पन्हा, म्हणजे रुंदी, ४५ इंचाच्या आसपास. एका माणसाची चार पदरी वाकळ एका लुगड्यात झाली, वरून तुमचं कातरण. साडेपाच मीटरच्या साडीच्या तीन घड्या केल्या तर सहा फूट भरते, ती पोरांना करा. इरकल असेल तर काठ आधी फाडून घ्या, चार पदरी काठ एकावर एक आले की सुई मोडते, आणि तेच काठ शेवटी कडेला लावले की वाकळीला रूप येतं.

आणि एक, आजकाल व्हिडिओ बघून बाया मॅचिंगसाठी बाजारातून नवं कापड आणून त्याचे चौकोन पाडायलेत. हौस आहे तर करा बापा, पण घरात दोन पोती असताना नको.

प्रश्न : मी शिवलेली गोधडी दोन धुण्यांत आतून गोळा झाली. एका कोपऱ्यात गठ्ठा आणि मधे नुसतं वरचं कापड. टाके तर निघाले नाहीत. (औसा)

उत्तर : टाके निघाले नाहीत म्हणजे ते लांब लांब पडलेत. दोन ओळींत वीतभर जागा सोडली की आतलं कापड सरकणारच, त्यातून तुम्ही आत अख्खी साडी न घालता तुकडे भरले असतील तर विचारायलाच नको. तुकडे भरायचे तर एक-दोन इंचाच्या अंतरानं धावदोरा हवा, अख्ख्या कापडाला तीन बोटं सोडली तरी भागतं.

पण खरं काम टाक्याच्या आधी असतं. फरशीवर खालचा पदर ताणून पसरा, चार कोपऱ्यांवर वरवंटा, पाटा, तांब्या जे असेल ते ठेवा, एकेक थर हातानं सपाट करत टाका आणि मग लांब लांब कच्चे टाके उभे आडवे मारून सगळं जखडून घ्या. हे कंटाळवाणं आहे आणि म्हणूनच सगळ्याजणी टाळतात. नंतर कडेनं सुरू करून आत आत वळत मधे या, म्हणजे कडा आधी बंद होतात.

कर्नाटकात हल्याळ, यल्लापूरकडच्या सिद्दी समाजाच्या बाया त्यांची कवंदी, म्हणजे त्यांच्याकडची गोधडी, अशीच कडेकडून मधे शिवत नेतात, आणि त्यांची एक गोष्ट घेण्यासारखी आहे. त्या ठिगळं आधी एकमेकांना जोडत बसत नाहीत. तुकडा थेट पसरलेल्या कापडावर ठेवायचा, कड आत दुमडायची, धावदोरा घालत पुढं जायचं, पुढचा तुकडा याच्यावर थोडा चढवायचा. जोडणं आणि शिवणं एकदमच होतं, वाकडेतिकडे तुकडेही खपतात. अंबाजोगाईच्या ताईंनी पण हे वाचावं. फक्त चार बोटांपेक्षा लहान तुकडा घेऊ नका, दुमडण्यातच संपून जातो.

प्रश्न : मशीनवर वाकळ होते का? आईचे डोळे आता सुईला साथ देत नाहीत, मी शिवून देईन म्हणतो. (परभणी)

उत्तर : होते की. १६ नंबरची सुई लावा, टाका मोठा ठेवा, आणि आत दोनच पदर घ्या, घरातली मशीन त्याहून जास्त ओढत नाही. हातानं कडेकडून मधे येतो ना, मशीनवर उलटं, मधून कडेला जायचं, कारण मशीनचा कापड दाबणारा पाय वरचं कापड पुढं ढकलत नेतो आणि कडा आधी बंद असल्या की मधे फुगा येतो. हातच्यापेक्षा जरा कडक होईल. आईला कच्चे टाके घालायला बसवा, ते लांब असतात, दिसतात.

प्रश्न : नातवाला दुपटं शिवायचंय, सून म्हणते नवं कापड आणू, मी म्हणते जुनं. (जिंतूर)

उत्तर : तुम्ही बरोबर आहात, पण सुनेला तसं सांगू नका. जुनं धोतर नाहीतर धुऊन धुऊन मऊ पडलेली सुती साडी, दोन-तीन पदर, मीटरभर चौकोन. लेस, टिकल्या, जर काही नको. वरच्या बाजूला सुनेच्या आवडीचा एखादा नवा सुती तुकडा धुऊन लावा, भांडण मिटलं.

प्रश्न : आमच्याकडं ऊसतोडीला जाणाऱ्या बाया दिवाळीच्या आधी वाकळा शिवून घेतात, आता शहरातले लोक पण मागायलेत. कापड त्यांचं, शिलाई माझी, एका वाकळीचे तीनशे देतात. कमी वाटतात पण मागायचे कसे? (केज)

उत्तर : मापानं मागा. वर सांगितली तीच वाकळ घ्या, ४५ इंच रुंद आणि ८१ इंच लांब. इंचाइंचाला ओळ घातली तर ४५ ओळी, प्रत्येक ८१ इंचाची, म्हणजे ३६४५ इंच, म्हणजे शंभर वारांच्या वर शिलाई झाली. तीनशे रुपयांत वाराला तीन रुपये पण पडत नाहीत. अर्ध्या इंचावर ओळी मागितल्या तर काम दुप्पट आणि पैसे तेवढेच, हे गिऱ्हाइकाच्या ध्यानातच येत नाही.

एक वार शिवायला किती वेळ लागतो तो मोबाईलवर लावून बघा. समजा पंधरा मिनिटं लागली, तर शंभर वारांना पंचवीस तास झाले, तासाला बारा रुपये. तुमच्या गावात खुरपणीचा रोज काय चाललाय तो याच्याशेजारी लिहा आणि आकडा ठरवा. ऊसतोडीच्या बायांना वेगळा भाव लावायचा का ते तुमचं तुम्ही बघा, मी तरी लावला असता, त्यांना रुंद ओळी आणि दणकट दोरा लागतो, नक्षी नको असते. शहरातल्या गिऱ्हाइकाला मात्र आधीच विचारा, ओळ इंचाची का अर्ध्या इंचाची, दोरा कुणाचा, कडेला काठ लावायचा का, आणि निम्मे पैसे कापड हातात घेतानाच घ्या.